सकाळ संपायच्या आत

लेहचा हवाईतळ वायुसेनेचा, पण कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की चहूकडे भूसेना. ट्रान्झिट कॅम्प, रसदीचे डेपो, वर्कशॉप, सिग्नलवाले, १५३ जनरल हॉस्पिटल आणि या सगळ्यांच्या डोक्यावर १९९९ साली कारगिलनंतर उभी राहिलेली १४ कोर. एवढ्या मोठ्या छावणीचं हवेतून येणं-जाणं या एका धावपट्टीवर. धावपट्टी सिंधूच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १०,७०० फुटांवर. मी तिथे मेट सेक्शनला, म्हणजे हवामान विभागात, सार्जंट होतो. विमान उडवणं, उतरवणं, भरणं, रिकामं करणं यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे थर्मामीटर होता. तो पारा कुणाकुणाच्या दिवसावर हुकूम चालवायचा, हे कळायला जुलैतला एक साधा दिवस पुरेल.

पहाटे ४.००

सूर्य उगवायला अजून तास-सव्वा तास आहे. जर्सी चढवून, टॉर्च घेऊन मी निरीक्षणाच्या पेटीकडे जातो. पांढऱ्या झडपांची ही लाकडी पेटी चार पायांवर उभी असते आणि तिच्यात चार थर्मामीटर असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. वाचायची एक शिस्त आहे. आधी दशांश वाचायचे, मग पूर्णांक. पेटीसमोर माणूस उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने, श्वासाने पारा हलायला लागतो. मोठा आकडा सहसा पळून जात नाही, दशांश पळतो. आज कोरडा ९.८.

जानेवारीत हेच काम वेगळं असतं. पारा शून्याखाली पंधरावर गेलेला, ओल्या थर्मामीटरची मलमल गोठून कडक झालेली. तेव्हा वेळेआधीच येऊन मलमलीवर पाणी लावायचं, त्याचा पातळ बर्फ होईपर्यंत थांबायचं आणि मगच वाचायचं. घाई केली तर ओला थर्मामीटर शून्यावरच रेंगाळतो आणि आर्द्रतेचा आकडा साफ चुकतो. जुलैत ती भानगड नाही. वारा शांत, आकाश मोकळं, दक्षिणेला स्टोकच्या रांगेवर थोडा उंच, विरळ ढग.

खोलीत परत येईपर्यंत फोन सुरू झालेले असतात. खिंडींच्या आसपासच्या चौक्यांवरून मौसम कळवतात ते भूसेनेचे जवान. त्यांनी हवामानाचं शिक्षण घेतलेलं नाही, म्हणून त्यांच्याकडून माहिती काढून घ्यावी लागते. “साहब, थोडा बादल है,” एवढ्यावर मी भागवत नाही. थोडा म्हणजे किती? टॉप दिसतोय की झाकलाय? काल याच वेळेला दिसत होता का? खालच्या पुलापर्यंत नजर जाते का? अशा चार प्रश्नांनंतर तो जवान स्वतःच चौकीबाहेर जाऊन पाहून येतो. मग मिळतं ते उत्तर खात्रीचं असतं. त्या उंचीवर रोज उठून तोच डोंगर बघणाऱ्याइतकी त्याची माहिती दुसऱ्या कुणाला नसते.

५.००

ब्रीफिंग. वैमानिक कप हातात धरून उभे असतात. हे फार प्रश्न विचारणारे लोक नव्हेत. वारा किती, खिंडी कशा, आणि सर्वांत महत्त्वाचं, तापमान कधी किती होणार.

याचं कारण साधं आहे. पंखाला धरायला आणि इंजिनाला जाळायला हवा लागते, आणि लेहला मुळातच ती कमी. त्यात ऊन चढलं की ती आणखी विरळ होते. प्रमाणित वातावरणाच्या हिशेबाने या उंचीवर तापमान शून्याखाली सहाच्या आसपास असायला हवं. त्याहून जितकं जास्त, तितकी दर अंशाला सुमारे १२० फुटांची भर पडते असं धरतात. दाब सरासरी धरला तर सकाळच्या दहा अंशाला विमानाला वाटतं आपण साडेबारा हजार फुटांवर आहोत. दुपारी पंचवीस अंश झाले की तीच धावपट्टी त्याच्या लेखी साडेचौदा हजारांच्या जवळ जाते. हवा तेव्हा समुद्रकाठच्या हवेच्या साधारण दोन-तृतीयांश उरलेली असते. मग उडण्यासाठी जास्त वेग घ्यावा लागतो, त्या वेगासाठी जास्त लांबी लागते, आणि लांबी तर डांबरात मोजून दिलेली. राहिलं काय? वजन. ते कमी करायचं.

म्हणून तळावरचं वेळापत्रक घड्याळ बघून आखलेलं दिसतं, पण असतं थर्मामीटर बघून. भूसेनेचा दिवस चोवीस तासांचा असेल. आमचा पाच-सहा तासांचा.

५.३०

पहिल्यांदा जातात ती चीता हेलिकॉप्टरं. वायुसेनेची ११४ हेलिकॉप्टर युनिट लेहलाच असते. सियाचिन पायोनियर्स हे तिचं नाव. एप्रिल १९८४ मध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं त्याच्या आधीपासून तिचे वैमानिक सियाचिनच्या हिमनदीवर जात होते. ही हेलिकॉप्टरं कधी एकेकटी जात नाहीत, जोडीने जातात. एक कुठे बसलं तर दुसऱ्याला ते दिसलं पाहिजे.

चीता म्हणजे फ्रेंच ‘लामा’ हेलिकॉप्टरची भारतीय आवृत्ती. याच लामाने १९७२ साली १२,४४२ मीटरपर्यंत चढून हेलिकॉप्टरच्या उंचीचा विक्रम केला होता. पण विक्रम करणारं हलकं करून नेलं होतं. इथे तर सामान न्यायचं असतं. सर्वांत उंचावरच्या ठाण्यांवर एका फेरीत जाणारं सामान एखाद-दोन जेरिकॅन रॉकेल, थोडी भाजी, टपाल आणि औषधं इतपतच असतं. म्हणजे खालून विमानाने टनांनी आलेलं सामान शेवटच्या टप्प्यात किलोंनी वर जातं. या फेऱ्याही सकाळीच. ऊन लागलं की हेलिपॅडवरचा बर्फ भुसभुशीत होतो, दऱ्यांतून वारा सुटतो, आणि वीस हजार फुटांजवळ मशीनकडे जोर काढायला जागाच उरत नाही.

६.२०

चंदीगडहून निघालेलं आयएल-७६ तासाभरात येऊन टेकतं. इथल्या धावपट्टीला एकच बाजू आहे असं समजा. पूर्वेला जमीन चढत जाऊन डोंगर उभे राहतात, म्हणून उतरायचं पश्चिमेकडून आणि उडायचं तेही पश्चिमेकडेच. विमान सिंधूच्या खोऱ्यातून येतं, स्पितुकच्या टेकडीवरच्या गोंपाशेजारून उतरतं. त्याआधी एटीसीची जीप धावपट्टीवरून पूर्ण फेरी मारून आलेली असते. खडे, लोखंडाचा तुकडा, आणि लेहचे कुत्रे. कुत्र्यांना रनवेवरचं ऊन फार आवडतं.

मागचं दार उघडतं आणि इथून पुढची वीस-पंचवीस मिनिटं बघण्यासारखी. वायुसेनेचा लोडमास्टर वरून हात करतो, खाली भूसेनेची लोडिंग पार्टी रांगेत तयार. हवालदार ओरडतो, “चलो, हाथ लगाओ!” आणि बटाटे, कांदे, अंड्यांचे ट्रे, ट्रकचे टायर, औषधांच्या पेट्या, टपालाची पोती बाहेर पडायला लागतात. विमान कुणाचं आणि सामान कुणाचं हा प्रश्न फक्त कागदावर असतो, आणि कागद दोघांकडे आपापले असतात. दोन सह्या जुळल्या की झालं.

सामानाआधी उतरतात माणसं. बहुतेक रजेवरून परतणारे, काही पहिल्यांदाच येणारे. पहिल्यांदा येणारा ओळखू येतो. तो पायऱ्या उतरल्यावर दीर्घ श्वास घेतो, डोंगर बघून हसतो आणि आपली ट्रंक स्वतः उचलायला जातो. ट्रान्झिट कॅम्पचा सुभेदार तेवढ्यासाठीच उभा असतो. “ट्रंक रख दे! दो दिन कुछ नहीं उठाएगा.”

तो नियम कोणाच्या लहरीवर नाही. नऊ ते बारा हजार फुटांच्या पहिल्या टप्प्यात सहा दिवस द्यावे लागतात. पहिले दोन दिवस निव्वळ आराम, पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, मग थोडी लांब चाल आणि थोडा चढ. त्याच्या वर पंधरा हजारांपर्यंतच्या टप्प्याला चार दिवस, आणि त्याहून वर जायचं तर पुन्हा चार. १९६२ नंतर घाईघाईने वर आलेल्या जवानांच्या फुप्फुसांत पाणी भरू लागलं, तेव्हा लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा कसून अभ्यास केला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १,९२५ जवानांची नोंद आहे. आज जगभरातल्या गिर्यारोहणाच्या वैद्यकात त्या कामाचा उल्लेख येतो. मजा अशी की या आजाराची एक वाट आमच्याच विमानाने सोपी केली. रस्त्याने येणाऱ्याचं शरीर वाटेत जमवून घेतं. विमानाने येणारा तासाभरात मैदानातून दहा हजार फुटांवर येऊन उभा राहतो.

८.००

आता आकाशात गर्दी. दिल्लीची प्रवासी विमानंही याच तासांवर डोळा ठेवून असतात, कारण हवा त्यांच्यासाठी वेगळी नसते. एटीसी वायुसेनेचं, त्यामुळे सगळ्यांना रांगेत लावायचं काम टॉवरमधल्या मुलांचं. मी दर अर्ध्या तासाला आकडे वर देतो: वारा, दृश्यता, ढग, तापमान, दवबिंदू, दाब. टॉवर ते वैमानिकांना वाचून दाखवतो. मधल्या पाच मिनिटांत मेसमधून आलेली पुरी-भाजी उभ्यानेच.

साडेआठला १५.४. कालच्यापेक्षा एका अंशाने जास्त. कुणाला काही बोलत नाही, पण मनात नोंद होते.

१०.००

या वेळेला तळाचा मूड बदलतो. आलेल्या विमानांतून परत जायला सुट्टीवाले जवान जमलेले असतात. दिवाळीतल्या एसटी स्टँडसारखी अवस्था: ट्रंका, बिस्तरे, सुक्या जर्दाळूंच्या पिशव्या, आणि प्रत्येकाचा कान यादी वाचणाऱ्याकडे. यादी भूसेनेचा मूव्हमेंट क्लार्क करतो. किती नावं वाचायची ते मात्र विमानाचा कॅप्टन ठरवतो, आणि कॅप्टन ठरवतो ते माझ्या आकड्यावरून.

माणूस, ट्रंक आणि बिस्तरा मिळून शंभर किलो धरा. एएन-३२ निघायची वेळ साडेनऊवरून साडेदहावर गेली, पारा चार अंश चढला, तर यादीतली शेवटची नावं गळतात. आज तसंच झालं. चंदीगडलाच उशीर झाला, विमान उशिरा टेकलं, आणि मी १९.६ लिहून पाठवले.

थोड्या वेळात मेट सेक्शनच्या दारात एक हवालदार उभा. छातीवरचं माझं आडनाव वाचून आला होता.

“राम राम साहेब. तुम्ही आपल्याकडचे दिसता.”

“राम राम. कुठले तुम्ही?”

“माण तालुका. सातारा.” मग जरा आवाज खाली आणून, “साहेब, यादीत माझं नाव शेवटून दुसरं होतं. कापलं. एकादशीला पंढरपूर गाठायचं होतं. आईला घेऊन जायचंय.”

“बसा. चहा घेणार?”

“चहा नको. एवढंच विचारायचं होतं… एक डिग्री कमी लिहिता येत नाही का?”

मी त्याला बाहेर नेलं, पेटीचं दार उघडून दाखवलं. त्याने वाकून बघितलं. पारा तेवढ्यात १९.८ ला होता.

“मी कमी लिहीन हवालदार, पण हवा गार होणार नाही. आणि विमानात तुम्हीच बसणार.”

तो हसला. म्हणाला, “आमच्यात तोफेचा रेंज काढणारा पण असंच बोलतो.” तोफखान्याचा होता, हे मला तेव्हा कळलं. तोफेच्या माऱ्याला तर हवेचं तापमान, दाब, वारा सगळं लागतं. पातळ हवेत गोळा लांब जातो. म्हणजे आकड्याशी त्याचं माझ्याहून जुनं नातं होतं. आईला फोन कुठून लावता येईल एवढं विचारून तो गेला.

११.३०

झेंड्यासारखा लटकलेला वाऱ्याचा मोजा हळूच उचलला जातो. खोऱ्याच्या उतारांवर ऊन तापलं की हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पश्चिमेकडून, खोऱ्याच्या खालच्या बाजूने वारा येतो. उतरणाऱ्या विमानाला तो बरोबर पाठीमागून लागतो. विमानाला मागचा वारा म्हणजे जास्त वेगाने टेकणं, आणि लेहला वेग आधीच जास्त असतो. आठ नॉट, दहा नॉट, मग झोत. शेवटचं जे विमान चंदीगडहून निघणार होतं त्याला टॉवर कळवतो: येऊ नका. हा निरोप मी दिलेल्या ओळीवरून जातो आणि तिकडे कुणाचा तरी दिवस वाया जातो. कुणीही वाद घालत नाही. वाद घालणारे इथे फार दिवस टिकत नाहीत.

बारा वाजता धावपट्टी रिकामी.

दुपारी १.३०

जेवण, आणि आडवं होण्याचा एक तास. खिडकीतून टॉवर, त्यापलीकडे सिंधू. हिच्या काठी मुळात धावपट्टी होती कुठे? १९४८ च्या हिवाळ्यात मेजर प्रिथी चंद यांची छोटी तुकडी झोजी-ला बर्फात ओलांडून लेहला आली. तिच्याबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी अभियंते होते. गावकऱ्यांच्या हातांनी त्यांनी नदीकाठी कच्ची पट्टी केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी डाकोटा विमान तिथे उतरवलं; शेजारी जनरल थिमय्या बसले होते. त्या विमानात प्राणवायूची, दाबाची सोय नव्हती. पाठोपाठ सैन्य उतरवता आलं आणि लेह वाचलं. गावातलं सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल याच नोर्बूंच्या नावाचं. वायुसेनेचं विमान आणि भूसेनेची गरज यांचा इथला संसार तेव्हापासूनचा. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला उतरवले, तेही अशाच उधार मिळालेल्या थंड वेळेत.

३.३०

वायुसेनेचा तळ झोपलेला वाटतो, पण भूसेनेचा दिवस आता ऐन भरात. सकाळी उतरलेलं सामान वर्गवारी होऊन ट्रकवर चढलेलं आहे. काफिले उद्या पहाटे खारदुंग-लाकडे निघतील. हँगरमध्ये चीताच्या इंजिनाशी टेक्निशियन झटतायत. धूळ हा इथला खरा शत्रू. रोज पुसावी लागते, रोज परत येते.

मी पायलट बलून सोडतो. हायड्रोजनने फुगवलेला रबरी फुगा ठराविक वेगाने वर जातो असं धरायचं, थिओडोलाइटच्या भिंगातून त्याला पकडायचं आणि दर मिनिटाला दोन कोन वाचायचे. एक जण वाचतो, एक जण लिहितो. त्या कोनांवरून वरच्या थरांतला वारा निघतो. आज चौथ्या मिनिटाला फुगा एकदम पूर्वेला पळाला. वर वारा जोरात, आणि तो पश्चिमेचाच. खाली जे हाताला लागतंय त्याला वरून दुजोरा मिळाला.

संध्याकाळी ६.३०

नकाशे, उपग्रहाचं चित्र, चौक्यांचे फोन. हिवाळ्यात याच वेळेला पोटात गोळा असतो. पश्चिमी विक्षोभ येतोय असं दिसलं की चार-पाच दिवस आकाश बंद. झोजी-ला बर्फाखाली गेलेला, रस्ता नाही, आणि ट्रान्झिट कॅम्पमध्ये माणसं वाढतच जातात. तेव्हा एकच सकाळ मोकळी मिळणार असेल तर ती कोणती, एवढंच सगळ्यांना माझ्याकडून हवं असतं. जुलैत प्रश्न लहान असतो, पण जातीने तोच: उद्या सकाळ किती लांब?

आजचं उत्तर असं. विक्षोभ नाही. संध्याकाळचे ढग उतारांवर आहेत, ते सूर्य गेला की विरतील. रात्री आकाश मोकळं राहिलं तर जमीन दिवसाची उष्णता सोडून देते आणि पहाट गार होते. ढग राहिले तर ती उष्णता अडकते, दोन अंशांनी तरी.

रात्री ८.४५

हॉस्पिटलमधून ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा फोन. वरच्या एका ठाण्यावरून संध्याकाळी आणलेला जवान, फुप्फुसांत पाणी. ऑक्सिजनवर आहे, स्थिर आहे, पण खाली न्यायला हवा. पहिलं विमान किती वाजता आणि खिंडी कशा असतील?

“साडेसहाला एएन-३२ येईल, सर. दहापर्यंत रस्ता मोकळा राहील.”

लगेच मूव्हमेंट क्लार्कचा फोन. स्ट्रेचर, त्याबरोबर नर्सिंग असिस्टंट, सिलिंडर. म्हणजे आज कापलेली आणि उद्याची धरून केलेली यादी पुन्हा बदलणार.

“सार्जंट साहेब, उद्या निघताना किती धरू?”

“नऊ अंश धरा.”

“नऊला यादी पुरी बसते, स्ट्रेचरसकट. पण अकरा झाले तर दोन नावं जातात. पक्कं सांगा.”

शेवटून दुसरं नाव कुणाचं, ते मी विचारलं नाही. टॉर्च घेऊन बाहेर आलो. स्टोकच्या रांगेवरचा शेवटचा ढग विरत होता, आणि पेटीतला पारा कालच्या याच वेळेपेक्षा दीड अंशाने खाली होता. आत येऊन फोन उचलला.

“नऊ. लिहून घ्या. आणि तोफखान्याच्या त्या हवालदाराला साडेचारला उठवायला सांगा, ट्रंक बांधलेली असू द्या.”